चौदा नंबरची काच

नागपुरात होळी तोंडावर आली की कामठी रोडवरच्या वर्कशॉपांत कूलरच्या सांगाड्यांची घाई सुरू होते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. तोवर कूलर तयार नसला तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. १९९५ सालच्या फाल्गुनात अशाच एका वर्कशॉपात एक पोरगा कामाला लागला. मालक स्वतः वेल्डिंग करायचा. त्याला सगळे उस्ताद म्हणायचे.

उस्तादानं पहिल्या दिवशी पोराला चामड्याचे हातमोजे दिले, स्लॅग काढायची हातोडी दिली आणि हातात धरायचं एक शील्ड दिलं. शील्डच्या खिडकीत पुढे पांढरी काच होती, तिच्यामागे काळी. काळ्या काचेच्या कोपऱ्यात बारीक आकडा होता : १०.

“ह्याच्याशिवाय आर्क पाहाचा नाही,” उस्ताद म्हणाला.

पोरगा चपळ होता. हातही लवकर बसला. पण शील्ड त्याला अडचणीचं वाटे. एका हातात होल्डर, दुसऱ्या हातात शील्ड, मग अँगल धरायचा कोणी? आजूबाजूची पोरं टाका मारताना शील्ड घेतच नसत. डाव्या हातानं अँगल जागेवर धरायचा, रॉड टेकवायचा, डोळे मिटायचे, मान वळवायची. टाका बसला की डोळे उघडायचे. पोरानं हे पाहिलं आणि लगेच उचललं.

“माह्या डोळ्याले काही होत नाही,” तो सांगू लागला.

आणि खरंच, दुपारी काही झालं नाही. संध्याकाळीही झालं नाही. मध्यरात्री मात्र तो ओरडत उठला. डोळ्यांत कोणी मूठभर वाळू टाकावी तसं त्याला झालं. पाणी थांबेना. दिव्याकडे पाहवेना. आईनं बटाट्याच्या चकत्या करून पापण्यांवर ठेवल्या. थंड वाटलं, पण दुखणं तसंच राहिलं. उजाडल्यावर आई त्याला हाताला धरून मेयो इस्पितळात घेऊन गेली.

डॉक्टरांनी पापण्या उघडून पाहिल्या.

“वेल्डिंग करतोस ना? शील्ड घेतलं नव्हतंस?”

“टाकेच मारत होतो जी. डोळे मिटले होते.”

“कधी मिटलेस? आर्क पेटायच्या आधी की पेटल्यावर?”

पोरगा गप्प बसला.

डॉक्टरांनी त्याला समजावून सांगितलं. आर्कमधून अतिनील किरण निघतात. ते दिसत नाहीत, पण बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला भाजतात. भाजणं दुपारी होतं आणि दुखणं सहा ते बारा तासांनी वर येतं. म्हणून माणसाला वाटतं की आपल्याला काही झालंच नाही. त्यांनी मलम दिलं आणि घरी अंधारात पडून राहायला सांगितलं. दोन दिवसांत डोळे निवळले.

डोळे मिटून टाका मारण्याचा हा भरवसा फार वाईट. पापणी मिटते ती झळ लागल्यावर, आधी नाही. आजही कित्येक वर्कशॉपांत कोवळी पोरं ह्याच भरवशावर डोळे जाळून घेतात.

आता पोराच्या मनात भीती बसली. पहिला पगार हातात पडला तसा तो इतवारीत गेला. लोहाओळीतल्या दुकानात शिरून म्हणाला, “सगळ्यात काळी काच द्या.”

“कोणत्या कामाले?” दुकानदारानं विचारलं.

“डोळे वाचवाले.”

दुकानदारानं चौदा नंबरची काच काढून दिली. पोरानं ती उजेडाकडे धरून पाहिली. पलीकडचा बल्बही दिसेना. तो खूश झाला. वर्कशॉपात येऊन त्यानं शील्डमधली दहाची काच काढली आणि चौदाची बसवली.

दुसऱ्या दिवशी तो कूलरच्या सांगाड्यावर बसला. अँगल पातळ, रॉड बारा नंबरचा, म्हणजे अडीच मिलिमीटरचा, आणि मशीनवर करंट ७०-८० अँपिअर. आर्क पेटला तेव्हा त्याला एक हिरवा ठिपका दिसला. त्यापलीकडे काहीच दिसेना. सांधा कुठं आहे? वितळलेलं लोखंड कुठवर पसरलंय? रॉड सांध्यावर आहे की सरकला? तो वाकून जवळ गेला. धूर नाकात शिरला. मान आखडली. संध्याकाळी कपाळ ठणकू लागलं. तरी त्यानं काच बदलली नाही. काळी आहे म्हणजे डोळे सुरक्षित आहेत, असं तो स्वतःला समजावत राहिला.

काम तर पुरं करायचं होतं. सांधा सापडावा म्हणून तो शील्ड वर उचलायचा, रॉडचं टोक सांध्याजवळ न्यायचा आणि मग शील्ड खाली आणायचा. कधी शील्ड आधी खाली यायचं. कधी रॉड आधी टेकायचा.

थोड्याच दिवसांत एका रात्री वाळू पुन्हा डोळ्यांत आली.

ह्या वेळी तो मेयोत जाऊन आला आणि डोळे निवळल्यावर थेट उस्तादासमोर उभा राहिला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. “उस्ताद, सगळ्यात काळी काच होती जी. तरी डोळे आले.”

उस्तादानं उत्तर दिलं नाही. पोरानं केलेला एक सांगाडा त्यानं ओढून पुढे घेतला आणि कोपऱ्यावर हातोडीचा एक घाव घातला. कोपरा सुटला. वेल्डिंगची रेघ सांध्यावर नव्हतीच. ती बोटभर बाजूला, नुसत्या अँगलवर बसली होती.

“हे कूलर कोणाच्या तरी खिडकीले टांगलं असतं,” उस्ताद म्हणाला. “खाली लेकरं खेळतात.”

पोरानं मान खाली घातली.

“आता सांग. काच शील्डमध्ये होती, ते खरं. डोळ्यापुढं किती वेळ होती?”

पोराला डॉक्टरांचा प्रश्न आठवला. ह्याही वेळी त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

“ज्या काचेतून काम दिसत नाही, ती काच माणूस हटवतेच,” उस्ताद म्हणाला. “तू वाईट पोट्टा आहे म्हून नाही. काम कराचं असते म्हून हटवते.”

मग त्यानं कपाटातून एक लाकडी पेटी काढली. पेटीत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या काचा होत्या. त्यानं त्या ओळीनं मांडल्या : नऊ, दहा, अकरा, बारा, तेरा. शेवटी पोराची चौदा ठेवली.

“हे ऐक. खरी काच असली तर न दिसणारे किरण दहाचीही पुरेसे अडवते अन् चौदाचीही. काळेपणा असते तो दिसणाऱ्या उजेडासाठी. एक नंबर वाढला की उजेड जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर येते. आता बस इथं. चौदापासून सुरू कर.”

पोरगा बसला. हातात जुना अँगल, मशीनवर तोच ७०-८० अँपिअर करंट.

“काय दिसते?”

“ठिपका.”

“तेरा घाल.”

“ठिपकाच. थोडा मोठा.”

“बारा.”

“पाणी दिसते जी. त्याची कड नाही दिसत.”

वितळलेल्या लोखंडाला वेल्डर पाणी म्हणतात. ते नीट दिसलं तरच काम नीट होतं. रॉड किती वेगानं न्यायचा हे ते पाणीच सांगतं.

“अकरा.”

“कड दिसून राहिली. सांधा अंधारात आहे.”

“दहा.”

पोरगा थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “हीही अंधारीच वाटते. आधीही अशीच वाटत होती, म्हून मी शील्ड घेत नव्हतो.”

उस्तादानं शील्ड हातात घेतलं आणि पुढची पांढरी काच काढली. तिच्यावर ठिणग्यांचे काळे ठिपके चिकटले होते आणि वर धुळीचा थर बसला होता. ती काच असते मागच्या महाग काळ्या काचेला ठिणग्यांपासून वाचवायला, आणि खराब झाली की बदलायला. ह्या पोराच्या हाती आल्यापासून ती कोणी पुसलीही नव्हती. उस्तादानं नवी पांढरी काच बसवली.

“काळीले शिव्या देण्याआधी पांढरी पाहाची,” तो म्हणाला.

पोरानं आर्क पेटवला. पाणी दिसलं. पाण्याची गोल कड दिसली. मागं जमत येणारी स्लॅग दिसली. पुढं सांध्याची रेघ दिसली, आणि रॉड त्या रेघेवरून चालला. संपूर्ण रॉड संपेपर्यंत त्याला शील्ड हलवावंसं वाटलं नाही.

“आता वर पाह्य. भिंतीवरच्या कालनिर्णयवरची आजची तारीख वाच.”

पोरानं वाचली.

“आता नऊ घाल अन् तेच कर.”

नऊमधून आणखी उजळ दिसलं. पोराला वाटलं, हीच बरी. पण रॉड संपल्यावर त्यानं वर पाहिलं तेव्हा तारखेवर एक हिरवट डाग नाचत होता. तो गेल्याशिवाय आकडा वाचता येईना.

“नऊ ह्या करंटले धोक्याची नाही,” उस्ताद म्हणाला. “पण तुझ्या डोळ्याले मानवत नाही. तुले दहा ठीक.”

“मग तुम्ही नऊ काहून वापरता?”

“माझे डोळे जुने झाले. त्याले जास्त उजेड लागते. आपल्या डोळ्याले मानवते ते पाहाचं, पण कामाची मर्यादा सोडाची नाही. ह्या कामाले आठच्या खाली मीही जात नाही. अन् शोधताना काळ्याकडून उजेडाकडे येत जा. उजेडाकडून सुरू केलं तर काच सापडेपर्यंत डोळे भाजतात.”

उरलेला उन्हाळा पोरानं दहाच्या काचेवर काढला. त्याच्या सांगाड्यांवर उस्ताद हातोडी घालून पाहायचा. कोपरे सुटेनासे झाले. संध्याकाळचं कपाळ दुखणंही थांबलं.

पावसाळा आला तसं कूलरचं काम संपलं. पोळा झाल्यावर कळमेश्वरकडचा एक शेतकरी ट्रॅक्टरची ट्रॉली घेऊन आला. दिवाळीनंतर आंबिया बहाराची संत्री तोडायची होती. त्याआधी ट्रॉली मजबूत हवी होती. जुना आस गॅसनं कापायचा होता. त्यासाठी उस्तादानं पोराला पाच नंबरचा चष्मा दिला. गॅसच्या ज्योतीचा उजेड आर्कपेक्षा फार कमी असतो. दहाच्या काचेतून कापायची रेघ दिसलीच नसती. पोरानं निमूट चष्मा घातला. “ह्या चष्म्यानं आर्क मात्र पाहाचा नाही, कोणी दुसरा करत असला तरी,” एवढं उस्तादानं बजावलं.

मग वेल्डिंगची वेळ आली. ट्रॉलीचा पुढचा दांडा जाड लोखंडाचा होता. रॉड आठ नंबरचा, चार मिलिमीटरचा. उस्तादानं मशीनचं हँडल फिरवून करंट १७० अँपिअरवर नेला. पोरानं सवयीनं दहाची काच घातली. सांधा नीट बसला. पण वर पाहिलं तर कालनिर्णय दिसेना. नुसता डाग दिसत होता, आणि तो बराच वेळ हलला नाही.

“उस्ताद, दहा तुम्हीच सांगतली होती.”

“कूलरले सांगतली होती.”

उस्ताद एवढंच म्हणाला आणि चहाला गेला.

पोरगा क्षणभर तिथंच उभा राहिला. मग त्यानं पेटी काढली. पांढरी काच पुसली. चौदापासून सुरुवात केली. तेरावर आला. बारावर पाण्याची कड स्पष्ट दिसली, सांधाही दिसला. अकराही घालून पाहिली. दिसत होतं, पण डाग थोडा रेंगाळला. तो बारावर परत आला. उस्ताद चहा घेऊन आला तेव्हा दुसरा सांधा पुरा झाला होता. उस्तादानं स्लॅग काढली, रेघ पाहिली, आणि शील्डमधल्या काचेचा आकडा वाचला. काही बोलला नाही. पोराला तेवढं पुरलं.

त्याच वर्षी ऐन दिवाळीत, २४ ऑक्टोबरच्या अमावस्येला सूर्यग्रहण आलं. राजस्थानातल्या नीम का थाना गावापासून बंगालमधल्या डायमंड हार्बरपर्यंतच्या पट्ट्यात ते खग्रास दिसणार होतं, नागपुरात खंडग्रास. दूरदर्शनवर ते थेट दाखवणार होते. वर्कशॉप दिवाळीमुळे बंद होतं, पण उस्तादाचं घर मागंच होतं. सकाळीच गल्लीतली माणसं दाराशी आली. “उस्ताद, वेल्डिंगची काच द्या.” पोरगा फराळाचा डबा घेऊन तिथं आला होता.

उस्ताद म्हणाला, “पोट्ट्याले मागा. पेटी त्याच्यापाशी आहे.”

गल्लीतल्या एका पोरानं तोवर कोपऱ्यातल्या शील्डमधली दहाची काच काढून घेतली होती. तो अंगणात पळणार तोच पोरानं त्याचं मनगट धरलं.

“ही नाही.”

“तुम्ही ह्याच्यातूनच आर्क पाहता ना?”

“कूलरच्या आर्कले ही पुरते. सूर्याले नाही पुरत. ह्याच्यातून येते त्याच्या पन्नासाव्या हिश्श्याइतकाच उजेड चौदातून येते. सूर्याले चौदाच पाहिजे.”

एक आजोबा एक्स-रेची फिल्म घेऊन आले होते. दुसऱ्या कोणी काचेवर दिव्याची काजळी धरून आणली होती. पोरानं हात जोडले.

“आजोबा, हे काळं दिसते, पण सूर्याची न दिसणारी धग ह्याच्यातून आत जाते. आर्कनं माझे डोळे त्याच रात्री दुखले, म्हून मले समजलं. सूर्य डोळ्याच्या आतला पडदा जाळते, तो दुखत नाही. समजतच नाही, अन् डोळा जाईन.”

मग त्यानं पेटीच्या तळातून लोहाओळीतली चौदाची काच काढली. कडेला तडा नाही ना, ओरखडा नाही ना, हे पाहिलं. अंगणात रांग लावली. “आधी काच डोळ्यापुढं, मग मान वर. खाली पाहाचं, मग काच काढाची. थोडंच पाहाचं, अन् पुढच्याले द्याचं.” लहान लेकरांसाठी काच त्यानं स्वतः धरली. आजोबांनीही पाहिलं. सूर्याची हिरवी कोर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

उस्ताद ओट्यावर बसून हे सगळं पाहत होता. गर्दी पांगल्यावर पोरगा काच कागदात गुंडाळू लागला.

“उस्ताद, मले वाटलं होतं, ही काच घेऊन माझे पैसे वाया गेले.”

“काच वाईट नव्हती,” उस्ताद म्हणाला. “तू आधी मिरवाले काच टाकली, मग भिऊन ही घेतली, मग सवयीनं दहा धरून बसला. काच निवडताना आपल्या मनाकडे पाहाचं नाही. समोर उजेड कोणता आहे, ते पाहाचं.”

पाडवा झाला, वर्कशॉप उघडलं. कळमेश्वरचा शेतकरी दुसरी ट्रॉली घेऊन हजर होता. संत्र्याची तोड सुरू व्हायची होती आणि त्याला घाई होती. पोरानं करंट पाहिला, पांढरी काच पुसली आणि बाराची काच बसवली. शेतकरी कौतुकानं वाकून सांध्याकडे पाहत उभा राहिला होता.

“काका, तिकडे तोंड करा,” पोरगा म्हणाला.

शेतकरी वळला. तो पुरता वळल्याची खात्री झाल्यावर पोरानं शील्ड डोळ्यांपुढं धरलं आणि मगच रॉड टेकवला.